उतरंड सरळ पडली की आडवी?

पाव्हण्यांनी पोह्यांची बशी हातात घेतली, तोपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

आसगावात भय्याजींच्या घरी त्यांच्या डिंपलला पाहायला माणसं आली होती. चिखल्याचे गोपीचंदजी, त्यांची बायको आनंदाबाई आणि मुलगा मोनू. स्थळ शेजारच्या शकुबाईने सुचवलेलं. मुलगा तुमसरला एका पतसंस्थेत नोकरीला, बोलायला कमी, हसायला त्याहून कमी, पण चेहरा सालस. डिंपलने पोहे पुढे केले, त्याने बशी घेतली, दोघांची नजर एकदमच वर आली आणि एकदमच खाली गेली. माजघराच्या दारात उभ्या असलेल्या मंदाबाईंनी, म्हणजे डिंपलच्या आईने, ते अचूक टिपलं. याआधीच्या पाव्हण्यांसमोर ही पोरगी बशी अशी आदळायची की पोहे उडून मांडीवर पडावेत. आज बशी ठेवताना आवाजसुद्धा झाला नव्हता. मंदाबाईंनी मनातल्या मनात देवीला हात जोडले.

मनातल्या मनात अशासाठी, की मंदाबाईंचं मौन होतं. मार्गशीर्षातला गुरुवार. सकाळी चौरंगावर कलश मांडला की संध्याकाळी दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा त्यांचा नेम. मागे एकदा याच दिवशी घरात साप निघाला, तेव्हाही त्यांनी फक्त बोट दाखवलं होतं, आणि भय्याजी बराच वेळ त्या बोटाकडेच पाहत बसले होते.

पाव्हण्यांना सवड गुरुवारचीच होती, म्हणून शकुबाईने आल्या आल्या सांगून टाकलं होतं, "मंदाबाईचं मौन आहे आज. राग नका मानू जी."

"राग कायचा वो?" आनंदाबाई म्हणाल्या. "पुन्याई पायजे त्याले. मले त चूल पेटवताना चुलीसंगं बोलल्याबिगर राहवत नाही."

"आमच्या घरी कोणी असा नेम धरला, त मी गावाले जेवण देईन," गोपीचंदजी म्हणाले आणि सगळे हसले. शकुबाई समाधानाने आपल्या घरी विरजण लावायला गेली. सोयरीक जुळल्यात जमा होती.

मग गोपीचंदजींनी रुमालाला हात पुसले आणि खिशातून मोबाइल काढला.

"भय्याजी, हे पाहा. एक गंमत दाखवतो."

पडद्यावर कुठल्यातरी परदेशातली आभाळाला टेकलेली इमारत होती. मधल्या मजल्यांतून धूर निघत होता. बघता बघता ती जागच्या जागी खाली बसली आणि धुळीचा लोट उठला.

"बाई गं! आतले मानसं?" आनंदाबाईंनी विचारलं.

"मानसं आधीच काढले होते बाहेर. थे सोड. भय्याजी, कशी बसली पाह्यलं? हालली ना डुलली. सरळ! मी सांगतो, ही आगीनं नाही पडली. खालतून सुरुंग लावून पाडली अन् आता लपवून राहिले."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गोपीचंदजींचा जन्म चिखल्याच्या खाणीत सुरुंग लावण्यात गेला होता. जगात जे जे खाली येतं ते सुरुंगाने येतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. भय्याजी पवनीच्या एका राइस मिलच्या गोदामावर मुकादम. त्यांचं जग पोत्यांच्या थप्प्यांवर उभं होतं, आणि पडायचं तेव्हा थप्पीसारखंच पडायचं.

"आगीनंच पडली जी," भय्याजी अगदी नम्रपणे म्हणाले. "मधातला एक मजला नरम झाला का वरचा सारा बोजा खाली बसते. गोदामात मधातलं एक पोतं सडू द्या, अख्खी थप्पी खाली येते."

"थप्पी कलंडते. बसत नाही."

"कलंडते थे येगळी अन् बसते थे येगळी."

"बरं, बसते म्हणा. मंग वरचे मजले खालच्यावर आले, त खालचे त्याइले अडवतीन का नाही? अडवलं त टाइम लागन. इथी कोणी अडवूनच नाही राहिलं! विहिरीत गोटा टाकल्यावानी गेली सरसर. म्हणजे खालचं आधीच उडवलं होतं."

"बोजा एवढा होता का अडवणाऱ्याचं काही चाललं नाही."

"अन् हे तुकडे? हे पाहा, आडवे उडून राहिले. वरतून पडलेली वस्तू खाली जाईन का आडवी जाईन? आडवं फक्त सुरुंग फेकते, भय्याजी. माझा जन्म गेला त्याच्यात."

"धूळ आहे थे. वाऱ्यानं उडून राहिली."

"धूळ नाही, लोखंड आहे लोखंड!"

"एवढ्याशा मोबाइलमधून तुमाले लोखंड दिसलं?"

हे वाक्य भय्याजींनी बोलायला नको होतं. गोपीचंदजींनी बशी खाली ठेवली. बशी ठेवल्याचा आवाज झाला. मंदाबाई खाकरल्या, त्यांनी बांगड्या वाजवल्या, पण नवऱ्याचं लक्ष नव्हतं. शेवटी त्यांनी डिंपलला डोळ्याने खुणावलं.

"बाबा, चहा आणू का?" डिंपलने विचारलं.

"थांब!" दोघेही बाप एकदम म्हणाले. त्या दुपारी दोघांचं एकमत झालं ते तेवढंच.

भय्याजींची नजर बैठकीच्या कोपऱ्याकडे गेली, आणि मंदाबाईंना पुढचं सगळं दिसलं. तिथे पितळी गुंडांची, म्हणजे घागरींची, उतरंड होती. भंडाऱ्याहून आणलेले पाण्याचे हे गुंड मंदाबाईंना त्यांच्या आईने लग्नात दिले होते, आणि आता ते डिंपलसोबत जायचे होते. पाव्हण्यांच्या नजरेस पडावेत म्हणून त्यांनी ते चिंच लावून लखलखीत घासले होते आणि बैठकीत रचून ठेवले होते. खाली सगळ्यात मोठा, त्यावर त्याहून लहान, त्यावर त्याहून लहान, अशी माणसाच्या छातीपर्यंत येणारी चळत.

"ही आपली बिल्डिंग," भय्याजी उठून म्हणाले. "पाहूनच घेऊ."

"पाहून घेऊ," गोपीचंदजींनीही बाह्या सारल्या.

"मोनूचे बाबा, पाव्हणे आहोत जी आपण," आनंदाबाई म्हणाल्या.

"तू चूप. इथी शास्त्राची गोष्ट चालू आहे."

गोपीचंदजींनी वरचा गुंड उचलला, हातभर उंच नेला आणि सोडला. ठण्ण! उतरंड हादरली, पण जागची हलली नाही. खालच्या गुंडाच्या काठाला मात्र एक पोचा पडला. त्याच काठावर मंदाबाईंच्या आईचं नाव कोरलेलं होतं.

"अडवलं का नाही खालच्यानं?" गोपीचंदजींनी मिशीवरून हात फिरवला.

मंदाबाईंना राहवेना. त्या पुढे झाल्या आणि तळहात खाली दाबत खूण केली, ठेवा ते खाली.

"पाहा!" भय्याजी ओरडले. "डिंपलची माय बी म्हणते, सरळ खाली!"

मंदाबाईंनी घाईघाईने हात हलवला, तसं नाही हो.

"आडवा!" गोपीचंदजी म्हणाले. "बाईनं साफ आडवा हात केला!"

मंदाबाईंनी दोन्ही हात डोक्याला लावले. दोघेही क्षणभर विचारात पडले.

"हे म्हणजे वरचा बोजा," भय्याजींनी उलगडा केला. "बरोबर सांगून राहिली. आपला बोजाच कमी पडला."

आता प्रयोग बरोबर व्हायचा तर तो नीट मांडायला हवा होता. भय्याजींनी ओसरीतल्या पोत्यातून ओंजळी भरभरून धान आणलं आणि वरचा गुंड काठोकाठ भरला. मग त्यांना आठवलं, की आगीने नरम झालेला मजला हवा. पितळ काही नरम होत नाही. तेव्हा मध्ये मडकं ठेवावं, असं ठरलं. मंदाबाई स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. भय्याजी वाकून त्यांच्या हाताखालून आत गेले आणि जवसाचं मडकं घेऊन बाहेर आले. मडकं गळ्यापर्यंत भरलेलं होतं. ते रिकामं करत बसायला कोणाला वेळ होता? दोन गुंड, त्यावर मडकं, त्यावर एक गुंड, अशी नवी इमारत उभी राहिली.

गोपीचंदजी धानाचा गुंड छातीशी धरून स्टुलावर चढले.

"मोनू! मोबाइल धर. शूटिंग घे. बरोब्बर घेजो. मांगून कोणी म्हणाले नाही पायजे का दिसलं नाही."

मोनू निमूटपणे उठला आणि मोबाइल डोळ्यांसमोर धरून उभा राहिला. मंदाबाईंना आता एकच उपाय सुचत होता. माणसाच्या हातात चहाचा कप दिला की हातातलं दुसरं काही खाली ठेवावंच लागतं. त्यांनी डिंपलला चहा आणायची खूण केली आणि आपण स्वतः बैठकीच्या दुसऱ्या भिंतीशी, देवीच्या चौरंगासमोर, पदर पसरून उभ्या राहिल्या. इमारत कुठेही पडो, कलशाला धक्का लागता कामा नये.

डिंपल ट्रे घेऊन आली. स्वयंपाकघराचं दार नेमकं उतरंडीला लागून होतं.

"सोडू?" गोपीचंदजींनी विचारलं.

"सोडा!" भय्याजी म्हणाले.

गोपीचंदजींनी गुंड सोडला. मडकं फुटलं. जवस फुटल्या मडक्यातून असं भळाभळा निघालं की पाहता पाहता फरशीभर पसरलं. जवसासारखी निसरडी वस्तू दुसरी नाही. गोपीचंदजींचं स्टूल त्या दाण्यांवरून सरकू लागलं, त्यांनी आधारासाठी उतरंडीलाच मिठी मारली, आणि मग पितळ, धान, मातीच्या खापऱ्या, चहाचे कप आणि गोपीचंदजी हे सगळं एकदमच खाली आलं. भय्याजी त्यांना धरायला धावले आणि पाय पुढे, पाठ मागे असे फरशीवर बसले. गुंडांचा ठणठणाट काही केल्या थांबेना. एक गुंड तर घरंगळत ओसरीच्या पायऱ्या उतरून अंगणात गेला.

"काय झालं वो मा..." म्हणत शकुबाई धावत आली. तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तीही जवसावरून सरकत येऊन भय्याजींच्या शेजारी बसली. "कंबर मोडली वो माय!"

ज्या घरी मुलीला पाहायला पाव्हणे आलेत त्या घरातून भांडी आपटल्याचा आवाज आला, तर गल्लीने काय समजायचं? गल्लीने तेच समजलं. अंगणात घोळका जमला. "मोडली म्हणते सोयरीक," कोणीतरी म्हणालं. "पोराच्या बापानं भांडे फेकले," दुसऱ्याने भर घातली. कोंढ्याला भय्याजींची बहीण होती. हात झटकून भय्याजी उठतात न उठतात तोच तिचा फोन आला, "दादा, त्याइनं तुले मारलं म्हणते? किती लागलं?"

पण भय्याजींना बहिणीशी बोलायला सवड नव्हती.

"पाह्यलं?" ते गोपीचंदजींना हात देऊन उठवता उठवता म्हणाले. "सरळ खाली!"

"सरळ?" गोपीचंदजी केसांतलं जवस झटकत म्हणाले. "माझ्या डोळ्यादेखत वरचा गुंड आडवा उडाला!"

"तुम्ही धक्का मारला म्हणून उडाला असन."

"म्हणजे आडवा उडाला, हे मानता ना?"

"असन म्हटलं. उडाला नाही म्हटलं."

"मोनू, मोबाइल आण!"

मोबाइल कोपऱ्यात, खापऱ्यांखाली सापडला. दोघांनी डोक्याला डोकं लावून व्हिडिओ पाहिला. उतरंड दिसली, गोपीचंदजींचे पाय दिसले, "सोडा!" असा आवाज आला, आणि त्यानंतर शेवटपर्यंत फक्त घराचे वासे दिसत होते.

गोपीचंदजी मुलाकडे वळले. "एक काम सांगतलं होतं तुले! एक! मोबाइल धरून उभं राहाचं. तेवढंबी जमलं नाही? फेकून देला?"

मोनू मान खाली घालून उभा राहिला. डिंपलने तोंड उघडलं, "बाबा, थे..."

"तू आत जाय!" भय्याजींनी तिला अडवलं. मग पाव्हण्यांकडे वळून म्हणाले, "बरंच झालं जी. व्हिडिओ असता त तुमचीच फजिती होती."

बस्स. गोपीचंदजींनी टोपी उचलली, झटकली, घातली.

"आनंदा, ऊठ. डोळ्यादेखतचं जे मानत नाहीत, त्याइच्या घरची पोरगी कराची नाही. उद्या माझ्या घरी येऊन सूर्य मावळतीले उगवते म्हणन."

"अन् जे स्वतः उतरंड पाडतेत अन् सुरुंगानं पडली म्हणतेत, त्याइच्या घरी पोरगी द्याची नाही!" भय्याजी म्हणाले.

मंदाबाईंचे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. पण चौरंगावर देवी होती, आणि दिवा अजून लागायचा होता.

आनंदाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "मोनूचे बाबा, आज गुरुवार आहे. घरात देवी बसली आहे. दिवा लागल्याबिगर भरल्या घरातून मी उठत नसते. तुमाले जाचं असन त जा, बस फाट्यावर भेटन."

गोपीचंदजी एकटे जाणार नव्हते. तेव्हा शकुबाई कंबर चोळत म्हणाली, "अवो, भांडता कायले? मंदाबाई तिथी समोरच उभी होती ना? तिनं पाह्यलं असन सारं. दिवा लागला का थेच सांगन."

दोघांचेही चेहरे उजळले. बाईने आपल्याच बाजूची खूण केली होती, याबद्दल दोघांच्याही मनात शंका नव्हती.

"मंजूर," गोपीचंदजी म्हणाले. "गुरुवारचं मौन धरणारी बाई खोटं बोलाची नाही. आडवा म्हणाली त मानाचं."

"अन् सरळ म्हणाली त तुम्ही मानाचं."

"न मानाले मी का भय्याजी आहो?"

अशी सगळी मंडळी दिवेलागणीची वाट पाहत बसली. दोघे बाप समोरासमोरच्या खुर्च्यांवर, एकमेकांकडे न पाहता. अंगणातलं गावही दोन बाजूंना वाटलं गेलं. सरळवाले पायरीवर बसले, आडवावाले विहिरीच्या काठाशी. कोणीतरी गोवऱ्या एकावर एक रचून वरून विटेचा तुकडा सोडून पाहिला. गोवऱ्या ना सरळ पडल्या ना आडव्या, त्यांचा भुगा झाला, आणि दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजल्या.

आत आनंदाबाई आणि डिंपल फरशीवर बसून जवस गोळा करत होत्या.

"राहू द्या ना, मी वेचते," डिंपल म्हणाली.

"आपल्याच मानसाचा पसारा आहे वो बाई," आनंदाबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "डोळे काहून भरले?"

"काही नाही. धूळ गेली."

मंदाबाई चौरंगापुढे बसून फुलं नीट करत होत्या. त्यांनी ते ऐकलं. पोरीच्या डोळ्यांत धूळ केव्हा जाते आणि केव्हा नाही, हे आईला सांगावं लागत नाही. त्यांना मोठाच पेच पडला होता. सरळ म्हणावं तर पाव्हणे उठून जाणार. आडवा म्हणावं तर चार गावांत तोंडघशी पडलेला नवरा त्या घरी पोरगी द्यायला मरेपर्यंत तयार होणार नाही. बरं, पोरीसाठी म्हणून एखादं लहानसं खोटं बोलावं, तर दिवसभराच्या मौनानंतर देवीपुढचा पहिलाच शब्द खोटा? माते, त्या मनात म्हणाल्या, इतक्या वर्षांत तुझ्यापाशी मी बोलायची कधी घाई केली नाही. आज मात्र दिवा थोडा उशिराच लागू दे.

भय्याजी हळूच येऊन त्यांच्या मागे वाकले. "डिंपलची माय, विचार करून सांगजो. घराच्या मानाचा सवाल आहे."

"साक्षीदाराले फितवू नका जी!" बैठकीतून आवाज आला.

अखेर अंधारून आलं. मंदाबाईंनी दिवा लावला. पोथी आज त्यांनी फारच सावकाश वाचली. आरती झाली, नैवेद्य झाला. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि बैठकीत आल्या. अंगणातली माणसं दारात गोळा झाली. दोघे बाप उभे राहिले.

मंदाबाई पहिल्यांदा शकुबाईकडे वळल्या. "लय लागलं का वो?"

"थे राहू दे!" भय्याजी घाईने म्हणाले. "तू सांग. वरचा गुंड सरळ गेला का आडवा?"

मंदाबाईंनी जे खरं होतं तेच सांगितलं.

"मी गुंडाकडे पाह्यलंच नाही."

दारातली माणसं आणखी पुढे सरकली.

"मंग कोठी पाहून राहिली होती?" भय्याजींनी कपाळाला हात लावला.

"पोट्टीकडे. ट्रे घेऊन उतरंडीपाशी आली होती ना थे. वरतून सारं खाली येऊन राहिलं होतं. तुम्ही पाव्हण्याइले धराले धावले, पाव्हणे उतरंडीले धराले गेले. पोट्टीकडे कोणाचं ध्यान नव्हतं." त्यांनी मोनूकडे पाहिलं. "यानं मोबाइल टाकला, हिले भिंतीकडे केलं, अन् स्वतःची पाठ समोर केली. गुंड याच्या पाठीत बसला. तोंडातून हूं नाही काढलं पोरानं. तेवढं पाह्यलं मी. बाकी तुमचं सरळ-आडवं मले ठाऊक नाही."

आता सगळे मोनूकडे पाहू लागले. तो दुपारपासून भिंतीला टेकून न बसता ताठ का बसला होता, हे एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं.

"नाही, जास्त नाही लागलं," मोनू म्हणाला. डिंपलचे कान लाल झाले होते.

"दाखव!" आनंदाबाईंनी त्याचा शर्ट वर केला. "बाई बाई! अन् दुपारपासून असाच बसला? वरतून बापाच्या शिव्या खाल्ल्या?"

उजव्या खांद्याच्या खाली चांगला ताटलीएवढा काळानिळा डाग होता. गोपीचंदजी पुढे आले. त्यांनी डागावरून हळूच बोट फिरवलं. मग ते बोट थांबलं.

"भय्याजी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "हे पाहा. डाग गोल आहे."

"मंग?"

"मंग काय? गोल म्हणजे गुंड बुडानं लागला. अन् खांद्याच्या खाली लागला. सरळ पडला असता त डोक्यावर नसता बसला? हा आडवा आला!"

"दाखवा इकडे," भय्याजींनी चष्मा लावला. "हे खालतं खरचटलं आहे, थे काय आहे? वरतून खाली घसरत गेला. म्हणजे सरळ!"

"घसरला मांगून. आधी बसला थे आडवाच."

"कसा बसन आडवा? जरा उजेडाकडे..." भय्याजींनी मोनूच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला दिव्याच्या बाजूला वळवलं. "वाका ना जरा, जावईबापू."

मोनू वाकला. दारातली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. भय्याजींना काहीच कळलं नव्हतं. ते डागावर डोळा लावून होते.

"दिसून नाही राहिलं," ते म्हणाले.

"इवाई, टॉर्च नाही का घरात?" गोपीचंदजींनी व्याह्यांना विचारलं.

"आहे ना जी. डिंपल, टॉर्च आण वो!"

डिंपल टॉर्च आणायला गेली ती हळद गरम करायलाच बसली, म्हणून टॉर्च शकुबाईला आणावा लागला. अंगणातले सरळवाले आणि आडवावाले दोघेही आत आले. ज्याला त्याला पाठ पाहायची होती. "शर्ट आणखी वर करा," "अबे, सावली पडून राहिली, सरक," "याले लग्नापर्यंत राहू देजा गा हा डाग, भंडाऱ्याच्या डाक्टरले दाखवू, थो सांगन," अशी एकच गर्दी झाली. पाठीचा मालक बिचारा वाकलेलाच होता आणि वाकल्या वाकल्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होता.

आनंदाबाई मंदाबाईंचा हात धरून त्यांना चौरंगापाशी घेऊन गेल्या. देवीपुढच्या वाटीतली साखर त्यांनी चिमटीत घेतली.

"त्याइचं आता चाललं," त्या म्हणाल्या. "लग्नातबी चालन, नातवंडाच्या बारशालेबी चालन. आपण तारखेचं पाहू. माघात बरं का फागुनात?"

मंदाबाईंना कितीतरी बोलायचं होतं. दिवसभराचं साचलेलं होतं. पण तोवर विहीणबाईंनी त्यांच्या तोंडात साखर घातली होती.